राणीछाप रुपयाची पारख

श्रीरामपूर परिसरातील एका माऊलीने सासूबाईंचा रुपया नातवाच्या फीसाठी विकावयास काढला. व्यापाऱ्याने तो खोटा ठरविला. माऊली रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली.

१८४० पासून निघालेला राणीछाप रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. परंतु केवळ वजनावर विसंबू नये. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, वजन मात्र तेच राहिले. ओळखीसाठी कडेवर खाच आली. ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ दिसते. १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या पोशाखावरील हत्ती डुकरासारखा दिसला, लोक संतापले. १९१२ पासून हत्ती सुस्पष्ट झाला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक हौसेने शोधतात.

माऊलीचा रुपया झिजलेला, तरी वजनास जवळपास पूर्ण व कड निर्दोष होती. गळ्यात घालण्यासाठी पूर्वी जोडलेल्या कडीच्या डागाने संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल घटले होते. नाणे मात्र अस्सल होते. कैसराच्या नाण्यावरील मुद्रेविषयी प्रभूने विचारलेला प्रश्न मला आठवला. माणसावरही देवाची मुद्रा आहे. झिजली, डागाळली, म्हणून ती खोटी ठरत नाही.