रेल्वेची सचित्र भित्तिपत्रके : संग्रह आणि पुरावा

भित्तिपत्रक हे मुळातच अल्पायुषी. स्थानकावर ते चिकटवावे आणि हंगाम सरला की त्यावर दुसरे डकवावे, हा त्याचा क्रम. त्यामुळे ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या भित्तिपत्रकांच्या ज्या प्रती आज संग्रहांत आढळतात, त्यांपैकी पुष्कळशा भिंतीवर कधी चढल्याच नसाव्यात. आपले काम केलेली प्रत नष्ट झाली. कोठीत पडून राहिलेली प्रत इतिहासाचे साधन ठरली.

१९२३ साली ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकीकरण झाले. त्यांपैकी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या कंपनीने १९२४ साली नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराच्या मध्यस्थीने रॉयल अकादमीच्या चित्रकारांकडून भित्तिपत्रके करून घेतली. मॉरिस ग्रायफेनहेगन यांचे कार्लाइलविषयीचे भित्तिपत्रक याच मालिकेतील होय. त्यात मध्ययुगीन चिलखतधारी घोडेस्वार दिसतो. कार्लाइल हे इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील लढायांनी गाजलेले शहर. परंतु हे चित्र कोणत्याही विशिष्ट प्रसंगाचे नाही. म्हणून मध्ययुगीन सीमेचा पुरावा म्हणून त्याला मोल नाही. जुन्या वैराची स्मृती १९२४ साली सहलीचे आकर्षण म्हणून विकता येत होती, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

हा पुरावा चित्राइतकाच कागदाच्या कडेवर अवलंबून असतो. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणून वरील कंपनीचे नाव छापलेले मूळ भित्तिपत्रक सामान्यतः १९२३ ते १९४७ या काळातील मानता येते. मुद्रकाचे नाव बहुधा तळाच्या समासात असते. चौकटीत नीट बसावे म्हणून समास कापला, की चित्र उरते आणि दाखला जातो. अस्सल प्रत ओळखण्यासही कागदच उपयोगी पडतो. शिळाछापाच्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा किंवा पत्रा वापरीत. नंतरच्या छायामुद्रित प्रतिकृतीत भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसते.

यॉर्क येथे १९७५ साली उघडलेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अशा भित्तिपत्रकांचा मोठा संग्रह आहे. संग्रह सार्वजनिक असो वा खाजगी, नामवंत चित्रकारांची पत्रके जपली जातात आणि भाडे व वेळा सांगणारी साधी पत्रके सहज उपेक्षिली जातात. प्रवाशाला गाडीपर्यंत नेण्यात दोहोंचाही वाटा होता. केवळ सुंदर पत्रकांवरून रेल्वेप्रवासाचा इतिहास लिहिल्यास तो कंपन्यांनी रंगविलेल्या प्रवासाचा इतिहास होईल.