चौकटीतील नकाशा आणि पाठीवरील संहिता

टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रचलेल्या भूगोलग्रंथात ‘नासिका’ हे स्थलनाम येते. ते आजचे नाशिक होय, असे सामान्यतः मानले जाते. हे नाव तेथे अक्षांश-रेखांशांच्या यादीत नोंदलेले आहे. या याद्यांवरून पुढे युरोपात नकाशे रेखाटले गेले आणि १४७७ मध्ये बोलोन्यात व १४७८ मध्ये रोममध्ये ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले गेले. याच ग्रंथातील ‘तप्रोबने’, म्हणजे सिंहलद्वीप, नकाशात वास्तवाहून कितीतरी पटींनी विस्तारले. येथे संहिता आधीची आहे, नकाशा नंतरचा. मसाल्याच्या बेटांच्या कोरीव नकाशांचा संग्रह करण्याच्या व्यवहारात नेमका हा संबंध तुटतो.

ऑर्टेलियसच्या १५७० च्या नकाशासंग्रहातील पूर्वेकडील बेटांचा नकाशा पाहावा. त्यातील मत्स्यकन्या आणि जहाजावर चालून जाणारे जलचर पाहणाऱ्यास मोहवितात. परंतु याच पानाच्या पाठीवर वर्णनपर मजकूर छापलेला असतो. सुटे पान कोणत्या आवृत्तीचे, हे ठरविताना जाणकार या मजकुराचाच आधार घेतात. आणि निर्णय झाल्यावर पान चौकटीत बसते, मजकूर भिंतीकडे वळतो. ग्रंथ फोडून विकलेला नकाशा अशा रीतीने निव्वळ चित्र बनतो.

यात काय हरवते, हे गोव्याच्या संदर्भात स्पष्ट होते. डच प्रवासी लिन्स्खोटेन १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे कॉर्नेलिस क्लास याने प्रसिद्ध केला. याच प्रकाशकाने प्लान्सियसचा मोलुक्का बेटांचा नकाशा काढला होता. त्याच्या तळाशी जायफळ, लवंग व चंदन यांची चित्रे आहेत. लिन्स्खोटेन स्वतः मोलुक्कांपर्यंत गेला नव्हता. त्या बेटांची माहिती त्याने इतरांकडून मिळविली. त्यापूर्वी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणाऱ्या या वैद्याच्या ग्रंथात मालुपा नावाचा हिंदू वैद्यही येतो. बेटांविषयीचे ज्ञान असे पश्चिम किनाऱ्यावर, व्यापारी, खलाशी व वैद्य यांच्या बोलण्यातून घडले. नकाशावर मात्र त्यांपैकी कोणाचेही नाव नाही.

नकाशातील मौनही वाचले पाहिजे, असा आग्रह जे. बी. हार्ली यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात धरला. तथापि नकाशाला ‘संहिता’ म्हटल्याने काम संपत नाही. जायफळाची ती फांदी १६२१ मध्ये डचांनी बांदा बेटांवर केलेल्या संहाराच्या शेजारी ठेवली की निराळी दिसू लागते. हे शेजारपण एकटे पान पुरवू शकत नाही.

मराठी इतिहाससंशोधनाला हा मुद्दा परका नसावा. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी अस्सल कागदाचे मोल प्रस्थापित केले. दप्तरातून सुटलेले पत्र मुका पुरावा ठरते, हे आपला अभ्यासक जाणतो. ग्रंथातून सुटलेल्या नकाशाला मात्र तो शोभेची वस्तू मानतो. संग्राहकाने मूळ ग्रंथ, आवृत्ती आणि पाठीवरील मजकूर यांची नोंद नकाशाबरोबर जपली, तरच त्याचा छंद अभ्यासाचे साधन ठरेल. एरवी ज्या बोलण्यातून ही बेटे कागदावर आली, ते दुसऱ्यांदा पुसले जाईल.