नो स्मोकिंग (चित्रपट)

सिगारेटचे व्यसन आणि ते सोडवण्याच्या नावाखाली माणसावर होणारी जबरदस्ती, यांवरचा हिंदी चित्रपट. लेखक-दिग्दर्शक अनुराग कश्यप. निर्माते विशाल भारद्वाज व कुमार मंगत. प्रदर्शन २६ ऑक्टोबर २००७. गीते गुलजार यांची, छायाचित्रण राजीव रवी यांचे. स्टीफन किंग यांच्या ‘नाइट शिफ्ट’ (१९७८) या संग्रहातील ‘क्विटर्स, इंक.’ ही कथा त्याचे मूळ.

मुंबईतला गर्भश्रीमंत, मग्रूर के (जॉन अब्राहम) बाथटबमध्येही सिगारेट विझू देत नाही. बायको (आयेशा टाकिया) संसार मोडायला निघते, तेव्हा अब्बास या मित्राच्या सांगण्यावरून तो धारावीतल्या ‘प्रयोगशाळे’त जातो. वर गालिच्यांचे दुकान, खाली तळघर, तळघरात बाबा बंगाली (परेश रावल). करारावर एकदा सही केली की माघार नाही. नियम मोडणारा एक आणि पहिली शिक्षा भोगणारा भलताच: के सिगारेट ओढतो आणि त्याच्या जिवलगाला धुराच्या कोठडीत कोंडतात. मूळ कथेत बायकोला विजेचे झटके देतात. त्याजागी धूर आणणे ही कश्यप यांची सर्वांत भेदक कल्पना आहे. यापुढची शिक्षा बोटे छाटण्याची. हळूहळू स्वप्न कुठले आणि जाग कुठली, हे के लाही कळेनासे होते आणि प्रेक्षकालाही.

समीक्षकांनी चित्रपट झोडपला, तिकीटबारीवरही तो पडला. उत्तरार्ध दुर्बोध आहे, हा आक्षेप रास्तच. मात्र कश्यप यांचा ‘पाँच’ तेव्हा अडकलेला होता, ‘ब्लॅक फ्रायडे’ न्यायालयीन स्थगितीमुळे रखडून फेब्रुवारी २००७ मध्ये लागला होता, आणि २००५ मध्ये केंद्र सरकारने पडद्यावरील धूम्रपानावर बंदी जाहीर केली होती. हे लक्षात घेतले की चित्रपटातला संताप समजतो.

व्यसनमुक्तीचे काम असे चालते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. वांद्र्यात १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेले कृपा फाउंडेशन किंवा १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात उभे केलेले मुक्तांगण, दोन्हीकडे भर आधारावर आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांत व्यसनी माणसेच एकमेकांना आपली कहाणी सांगतात. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये करार नाही, फी नाही; दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट आहे.