नाव तेच, मुक्काम वेगळा

मुंबईहून थळ घाट चढून येणारा प्रवासी नाशिकला चाललो म्हणतो आणि उतरतो नाशिक रोडला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग गोदाकाठच्या गावाला बाजूला ठेवून पुढे गेला. स्टेशनाभोवती वेगळी वस्ती वाढली. लोकांच्या बोलण्यात दोन्ही ‘नाशिक’च, पण टपाल वाटणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. त्याच्या लेखी नाशिक ४२२००१ आणि नाशिक रोड ४२२१०१.

या नाशिक रोडला टपालाशी जोडणारा आणखी एक दुवा आहे, तो म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. हिंदुस्थानची तिकिटे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या दे ला रू कंपनीत छापून बोटीने येत असत. १९२०च्या दशकाच्या मध्यास हे काम नाशिक रोडला आले. १९२९ सालची हवाई टपालाची तिकिटे आणि १९३१ साली नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघालेली तिकिटे इथलीच.

पण या छापखान्याची खरी गंमत त्याच्या गिऱ्हाइकांत होती. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा या संस्थानांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याशी करार होता. त्यांच्यासाठी स्वतंत्र चित्र काढायचे नसे. बादशहाचा मुखवटा असलेला तोच ताव पुन्हा यंत्रात घालून त्यावर संस्थानाचे नाव उमटवले की झाले. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तेव्हा ‘बर्मा’ ही अक्षरे चढली. फाळणीनंतर पाकिस्तानजवळ स्वतःची तिकिटे नव्हती. जॉर्ज सहाव्याच्या भारतीय तिकिटांवर नाशिक रोडलाच ‘पाकिस्तान’ असे छापले गेले आणि ती १ ऑक्टोबर १९४७ रोजी विक्रीस आली. पाकिस्तानची स्वतःच्या चित्रांची पहिली तिकिटे निघायला ९ जुलै १९४८ उजाडला. यंत्र एक, ताव एक, मात्र तिकीट कोणत्या सरकारचे हे त्या चढवलेल्या चार-सहा अक्षरांवरून ठरे.

तिकीट कोणाचे, हा जावक बाजूचा प्रश्न असा सुटला. पत्र नेमके कोणत्या गावी जायचे, हा आवक बाजूचा प्रश्न सुटायला १९७२ साल लागले. एकाच नावाची गावे देशभर विखुरलेली, त्यात पत्ते दहा लिप्यांत लिहिलेले. यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी उपाय काढला. टपाल खात्यातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची सहा आकडी पिन कोड पद्धत सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन कार्यालयाचे. नाव वाचता आले नाही तरी पत्र ४२२ च्या थप्पीत बिनचूक पडू लागले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ मध्ये, अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी संगणकावरच्या टपालाच्या, म्हणजे ईमेलच्या, पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह वापरले होते. त्याच्या डावीकडे माणूस, उजवीकडे यंत्र. एका यंत्राला एकच नाव होते तोवर ही मांडणी पुरेशी होती. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या सुमारास जगभर प्रत्येक संस्थेला स्वतःच्या नावाचा डोमेन हवासा झाला होता, मात्र प्रत्येकीला स्वतंत्र यंत्र परवडणारे नव्हते. तेव्हा एकाच सर्व्हरने अनेक नावांची डाक घ्यायची, अशी सोय आली. हेच आभासी डोमेन.

समजा, एक वाचनालय आणि एक क्रीडा मंडळ, दोघांची डाक एकाच यंत्रावर येते. दोघांनाही ‘सभासद’ नावाची मेलिंग लिस्ट हवी आहे. त्या पत्त्यावर एक पत्र टाकले की ते सगळ्या सभासदांना जावे. डोमेनची डाक कोणत्या यंत्राकडे न्यायची हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी दोन्ही डोमेनसाठी त्या यंत्राकडे वळवल्या की पत्रे दारापर्यंत येतात. अडचण दाराच्या आत आहे. वित्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या डाक हाताळणाऱ्या प्रणालीत, कोणते डोमेन आपले मानायचे याची ‘मायडेस्टिनेशन’ नावाची एक यादी असते. त्यात दोन्ही डोमेन लिहिले, तर सर्व्हर फक्त ‘ॲट’च्या डावीकडचे पाहतो आणि वाचनालयाचे पत्र खेळाडूंच्या हाती पडते. म्हणून दोन्ही डोमेन तिथून काढून ‘व्हर्च्युअल ॲलियस डोमेन’ या नोंदीत घालायचे आणि सोबतच्या तक्त्यात प्रत्येक पूर्ण पत्त्यापुढे त्याचा मुक्काम लिहायचा.

एवढे केले तरी पुढची पायरी अडायची. याद्या चालवणाऱ्या मेलमन या प्रसिद्ध प्रणालीची दुसरी आवृत्ती यादीला ओळखायची ती केवळ नावाने. एका यंत्रावर ‘सभासद’ एकदाच. डोमेन दोन असले तरी दुसरी यादी तयारच होत नसे. यंत्रे सांभाळणाऱ्यांनी मग नाशिक रोडच्या छापखान्यासारखीच युक्ती केली. आत ‘वाचनालय-सभासद’ आणि ‘क्रीडा-सभासद’ अशा दोन याद्या ठेवायच्या आणि तक्त्यातून बाहेरचे सुटसुटीत पत्ते त्यांच्याकडे वळवायचे. पत्र पोहोचे, पण प्रणाली आपोआप उत्तर पाठवी तेव्हा हे आतले लांबलचक नाव बाहेर डोकावे आणि सभासद गोंधळून जात.

बॅरी वॉर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलमनची तिसरी आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात यादीची ओळख डोमेनसकट ठरते, त्यामुळे एकाच यंत्रावर दोन ‘सभासद’ याद्या सुखाने राहतात. पोस्टफिक्सकडून येणारी पत्रे ती एलएमटीपी या पद्धतीने, सहसा ८०२४ क्रमांकाच्या पोर्टवर स्वीकारते आणि पोस्टफिक्सला लागणारा पत्त्यांचा तक्ताही स्वतः लिहून देते. वेलणकरांचा पिन कोड तोवर त्रेचाळीस वर्षांचा होत आला होता.