शिल्लक कोणाची?

बारामतीत शिकलेल्या प्रत्येकाला मोरोपंत ठाऊक असतात. पन्हाळ्याहून आलेल्या या कवीला बारामतीकर नाईकांचा आश्रय मिळाला आणि १७९४ मध्ये निधन होईपर्यंत ते इथेच राहिले. विद्येला मदत करण्याची तेव्हाची रीत अशीच होती. एक देणारा, एक घेणारा आणि दोघांमधला शब्द. माणूस गेला की हिशेब मिटला. शिल्लक राहिली तर काय, हा प्रश्न मदत यादी करून वाटली जाऊ लागली तेव्हा पुढे आला.

आपल्या जिल्ह्यातला त्याचा ठळक दाखला म्हणजे श्रावणातली दक्षिणा. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने ती एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि १८२१ मध्ये त्याच निधीतून विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे नवी नावे घेणे थांबले. जुन्यांना मात्र हयातभर दक्षिणा मिळत राहिली. एकेक जण वारत गेला, तशी त्याची रक्कम निधीत शिल्लक पडू लागली.

ही शिल्लक सरकारी तिजोरीत मुकाट्याने जिरून गेली असती. पण १८४९ मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. लोकहितवादी त्यांत पुढे होते. सनातनी मंडळी खवळली, बहिष्काराच्या गोष्टी झाल्या, तरी अर्ज मागे घेतला गेला नाही. १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. जोतिराव फुले आणि त्यांचे सहकारी यांच्या शाळांना याच निधीतून दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळाले. पुढे ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रा. गो. भांडारकर आणि न्यायमूर्ती रानडे हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते.

म्हणजे ज्यांना मूळ दक्षिणेत वाटा मिळणेच शक्य नव्हते, त्यांच्यापर्यंत तिचा थोडा पैसा पोचला. शिल्लक आपोआप गरजूकडे गेली नाही. कोणीतरी ती वेळेवर मागितली आणि तिचा उपयोग काय करावा हे लिहून दिले.

पुढे मदत सरकारी झाली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या काळात ‘ई.बी.सी.’ची फी सवलत आली. आपल्यापैकी कितीतरी घरांत पहिला पदवीधर झाला तो या तीन अक्षरांमुळे. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा शिक्का आणि ऑफिसच्या खिडकीसमोरची रांग हे आपल्या पिढीला आठवत असेल. आता अर्ज ‘महाडीबीटी’वर भरतात आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात.

पण शिलकीचा प्रश्न तसाच आहे. सरकारी तरतूद ३१ मार्चपर्यंत खर्ची पडली नाही तर ती रद्द होते. हिशेबाच्या वहीत हिला ‘अखर्चित रक्कम’ म्हणतात. वाचताना ती बचत वाटते. पण अर्ज अपुरा राहिलेला मुलगा, जातीचा दाखला वेळेत न मिळालेली मुलगी, गळीत हंगामात आईवडिलांबरोबर फडावर गेलेले पोर, लग्न ठरल्यामुळे थांबलेले शिक्षण, हे सगळे त्याच आकड्यात असू शकतात. दक्षिणेची शिल्लक माणूस वारल्यावर पडायची. आजची शिल्लक पुष्कळदा विद्यार्थी गळाल्यामुळे पडते. म्हणून शिल्लक किती, याआधी ती कोणाच्या नावाची, हे विचारले पाहिजे.

शाळांतल्या ठेव-बक्षिसांचेही असेच होते. वडिलांच्या स्मरणार्थ कोणी एके काळी हजार रुपये ठेवले, की व्याजातून संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यावे. आज पाच टक्क्यांनी त्याचे वर्षाला पन्नास रुपये होतात आणि काही वर्षी संस्कृत घेणारेच कोणी नसते. रक्कम साचते, उद्देश अडतो. कायद्याने याची सोय केली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मूळ हेतू पार पडणे शक्य नसेल किंवा शिल्लक वापराविना पडून असेल, तर ती दुसऱ्या योग्य कामाला लावण्यासाठी न्यायालयाकडून निर्देश घेता येतात. पण दोन-तीन हजारांसाठी त्या वाटेला कोण जाणार? ठेव ठेवतानाच ‘विद्यार्थी न मिळाल्यास’ एवढी एक ओळ लिहिली असती, तर काम भागले असते. माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘तसे झाले नाही तर काय’ हे आधी लिहिल्याशिवाय प्रोग्राम पुरा होत नाही. देणगीपत्राचेही तसेच असावे.

बारामती-इंदापूरकरांना वाटपाचा धडा नीरा डाव्या कालव्याने केव्हाच दिला आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर झालेल्या या कालव्यावर वरच्या अंगाला ऊस उभा राहिला. पण वरच्यांचे भागून उरले तर खाली, असे म्हटले की टेलचा शेतकरी कोरडाच राहतो. म्हणून पाळी टेलकडून सुरू करावी, असा नियम सिंचनात आला.

या मेळाव्याच्या निमित्ताने आपण विद्यार्थी साहाय्य निधीचा विचार करतो आहोत. खर्च भागवून उरेल ते निधीला, असे न करता निधीची रक्कम आधी बाजूला काढावी. शिल्लक राहिल्यास ती पुढच्या वर्षी त्याच कामाला जाईल, हे देणगीच्या पावतीवरच छापावे. आणि दरवर्षी जमाखर्चाबरोबर आणखी एक यादी विश्वस्तांसमोर यावी. मदत मंजूर होऊनही ज्यांनी ती घेतली नाही, ती मुले कुठे आहेत? त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन यावे.