घरातल्या विजेची खरखर रेडिओवर कशी पकडायची?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गातल्या अनेक गावांची वीज गेली. अशा वेळी सेलवरचा रेडिओच कामाचा. तोच रेडिओ एरवी घरातल्या विजेचा दोषही शोधतो. एलईडी बल्ब, चार्जर यांच्यातली सर्किटं सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्याची खरखर एएमवर ऐकू येते. एफएमवर ती फारशी कळत नाही.

काटा स्टेशन नसलेल्या जागी आणा, मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर उगम घरातला. मग एकेक एमसीबी चालू करत जा. नाही थांबली तर इन्व्हर्टर, शेजारचं घर किंवा बाहेरची लाइन. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मीठ साचून ठिणग्या उडतात. खांबाजवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवा.

नेमकी जागा हवी असेल तर छोटी जोडणी करा. प्लास्टिक चढवलेल्या तारेचं दहा-बारा वेढ्यांचं कडं करा, उरलेल्या तारेचे चार वेढे रेडिओतल्या फेराइट दांडीवर घेऊन दोन्ही टोकं एकमेकांना जोडा. कडं भिंतीलगत फिरवा. बोर्ड मात्र उघडू नका. एखाद्या स्विचपाशी तडतड सुरूच राहिली तर आत जोड ढिला असू शकतो. तो बंद ठेवून वायरमनला बोलवा, कारण आग अशाच जोडातून लागते.