नांगर, राजा आणि अण्णांचं दीड एकर

परवा संध्याकाळी माधवनगरच्या स्टेशनाबाहेर चहाच्या गाड्यावर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दीड एकर द्राक्षबाग, थोडा ऊस. पोरगं बी.एस्सी. ॲग्री झालंय. दोन वर्षं सांगलीतल्या एका अभ्यासिकेत बसून एमपीएससी करत होतं, आता तिथून उठलंय. अण्णांनी खिशातून घडी घातलेलं एक रंगीत माहितीपत्रक काढलं. कृषी नवोपक्रम आणि ग्रामीण उद्योजकता, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. मागच्या पानावर फी.

"तुम्ही पेपरवाले. तुमास्नी चार गोष्टी म्हाईत असत्यात. पोराला घालू का ह्याला? बागंवर बोजा चढवाय लागंल."

मी लगेच काही बोललो नाही. चहा संपवला आणि म्हणलं, दोन दिवस द्या. ही पोस्ट म्हणजे त्या दोन दिवसांचा हिशोब आहे. थोडी लांब झालीय, पण ज्यांच्या घरात असं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

पहिली गोष्ट म्हणजे, शेतीत वरचं शिक्षण हे काही आजकालचं फॅड नाही. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात नुसतं दुःख मांडून ते थांबले नाहीत, उपायही सांगितले. शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवा, शेतीची प्रदर्शनं भरवा, चांगलं पीक काढणाऱ्याला बक्षीस द्या, हुशार पोरांना परदेशातल्या शेतकी शाळा दाखवून आणा. आणि हे सगळं सरकारनं करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर टाका असं ते कुठं म्हणाले नाहीत. 1968 साली राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ झालं आणि पुढं राहुरीच्या त्या विद्यापीठाला फुल्यांचंच नाव मिळालं. आपला सांगली जिल्हा त्याच विद्यापीठाखाली येतो.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे दुसरं नाव. क्रांतिकारक म्हणून देश सोडला, अमेरिकेत शेतीचं उच्च शिक्षण घेतलं आणि 1920च्या दशकात मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले. मक्यावर, गव्हावर काम केलं आणि गावोगाव शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरासारख्या जगप्रसिद्ध चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवलं. म्हणजे पदवी कामाची नसते असं मी म्हणत नाही. पदवी घेऊन माणूस कुठं जातो, आणि तिथं त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, हा प्रश्न आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. माधवनगरातून पुण्याकडं जाणारी पॅसेंजर धरली की नांद्रे, भिलवडी आणि मग किर्लोस्करवाडी. रोज हजारो लोक त्या स्टेशनावरून जातात. कृषी नवोपक्रम आणि ग्रामीण उद्योजकता या दोन जड शब्दांचा सगळा अभ्यासक्रम त्या एका स्टेशनात आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर शेतीचे पदवीधर नव्हते. मुंबईला जे.जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले, तिथं कळलं की काही रंग त्यांना ओळखूच येत नाहीत. मग यंत्रांची ड्रॉइंगं शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग लोखंडी नांगर.

आपल्याकडं गोष्ट सांगताना इथून थेट 'आणि मग मोठा उद्योग उभा राहिला' इकडं उडी मारतात. मधली वर्षं कोण सांगत नाही. लोखंडानं जमिनीत विष पसरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मुदत तेवढीच असते. एवढ्या काळात या माणसाचा एक नग खपला.

त्यात बेळगावच्या नगरपालिकेनं नव्या वसाहतीसाठी जागा घेतली आणि कारखाना हलवायची पाळी आली. बिऱ्हाड उचलून जायचं कुठं? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. औंध संस्थान केवढंसं! पण त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा 32 एकर माळ दिला आणि 10,000 रुपये दिले, बिनव्याजी. 1910 साली निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्कर मंडळी उतरली. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं.

त्या मंडळींची पात्रता बघा. शंभोअण्णा जांभेकर इंजिनिअरिंगची परीक्षा पास नव्हते. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, पण डोकं यंत्राचं. मंगेशराव रेगे हिशोबाला. रात्रीच्या पहाऱ्याला दरोड्यात शिक्षा भोगलेली माणसं. आजच्या कुठल्याच प्रवेश परीक्षेत यातला एकजण बसला नसता. त्यांच्याच हातून नांगर, चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप बाहेर पडले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा नांगर ओतायला दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते. 1920 साली वाडीतूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढं तेच 'किर्लोस्कर' मासिक झालं.

आता मला सांगा, यात शिकण्यासारखं काय आहे? जिद्द, चिकाटी हे तर आपण शाळेच्या भिंतीवर वाचतोच. माझ्या मते खरा धडा वेगळा आहे. नांगर खपला नसता, माळावरचा कारखाना बुडाला असता, तर लक्ष्मणरावांच्या घरादाराबरोबर औंधच्या राजाचाही पैसा बुडाला असता. जोखीम एकट्याच्या डोक्यावर नव्हती.

दुसरं उदाहरण उसाचं. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना वसंतदादांनी उभा केला. दादांचं शिक्षण जेमतेम. पण हजारो शेतकऱ्यांचे शेअर एकत्र केले की एकट्याला न झेपणारी जोखीम झेपते, हे त्यांना पुस्तक न वाचता कळलं होतं. पुढं 1975 साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट निघाली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तिथं संशोधन चालतं, साखर तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात, आणि त्याला कारखाने गाळपाच्या टनामागं वर्गणी देतात. म्हणजे शेवटी ऊसवालाच आपल्या बिलातून ती शाळा चालवतो. सहकारातले घोटाळे मी गेली वीस वर्षं छापतोय, त्यामुळं मला कोण गोडवे गाणारा म्हणणार नाही. पण ही रचना हुशारीची होती, हे मान्य करावं लागतं.

आणि याच दादांच्या सरकारनं 1983 साली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. त्यातून खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली, हे खरं. आणि शिक्षणाचा खर्च सरकारच्या खिशातून बापाच्या खिशाकडं सरकायला लागला तो तिथून, हेही खरं.

तिसरं उदाहरण तर आपल्या पायाशी आहे. सोयाबीन करणाऱ्या कुणालाही विचारा, केडीएस 726 म्हणजे काय. फुले संगम. त्या 'केडीएस'मधलं के आणि डी म्हणजे आपलं कसबे डिग्रज. कृष्णाकाठी तांबेरा आला की सोयाबीनचा पाला वाळून जायचा. त्याच्यापुढं तग धरणारं वाण विद्यापीठाच्या डिग्रजच्या संशोधन केंद्रावर तयार झालं आणि मराठवाडा-विदर्भापर्यंत गेलं. हे काम एम.एस्सी., पीएच.डी. केलेल्या माणसांचं. वर्षानुवर्षं प्लॉट लावायचे, बहुतेक ओळी फेकून द्यायच्या, एखादी ठेवायची. त्या फेकलेल्या ओळींचा तोटा कुठल्या शास्त्रज्ञाच्या बापानं भरला नाही. तो सरकारनं भरला. म्हणून ते जमलं.

आता उलटं उदाहरण. द्राक्ष.

तासगावच्या शेतकऱ्यांनी थॉमसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' निवडली. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' काढली. 1960 साली द्राक्ष बागायतदारांनी स्वतःचा राज्य संघ स्थापन केला. केंद्राचं द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला आलं ते 1997 साली. म्हणजे सरकारी संस्था यायच्या कितीतरी आधी आमचा शेतकरी प्रयोग करून बसला होता. पाणी खारं, जमीन चोपण, तर डॉगरिजच्या खुंटावर कलम केलं. ताजा माल परवडेना तर बेदाण्याची शेड टाकली. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला 2018 साली.

पण या सगळ्या प्रयोगांचा विमा कोण होता? घरचं वावर. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आठ दिवस पाऊस लागला की डाऊनी येते. घड जिरतात, कुजतात, आणि औषधाच्या दुकानाची उधारी तेवढी उभी राहते. मी तासगाव, कवठेमहांकाळच्या बागा तोडतानाच्या बातम्या केल्यात. बांधावर उभा असलेला तो माणूस कुठल्याही व्याख्येनं उद्योजकच होता. नवोपक्रम त्यानं केला होता. त्याच्यामागं औंधचा राजा नव्हता, एवढंच.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 2002 साली केंद्रानं ॲग्री क्लिनिक-ॲग्री बिझनेस सेंटरची योजना आणली. शेतीच्या पदवीधरांना 45 दिवसांचं निवासी प्रशिक्षण, मग प्रकल्पाला कर्ज आणि त्यावर 36 टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के. हैदराबादची 'मॅनेज' ही संस्था ती चालवते आणि देशातल्या नावाजलेल्या प्रशिक्षण केंद्रांपैकी एक आपल्या सांगलीत आहे, कृष्णा व्हॅली फाऊंडेशनचं. तिथून शिकून रोपवाटिका, माती परीक्षण, खत-औषधांचं दुकान चालवणारी पोरं मला भेटलीत. पण यात अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. आधी बँकेनं कर्ज द्यायला पाहिजे. आणि बँकेचा साहेब अजून पहिल्यांदा बापाचा सातबाराच मागतो.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या जिल्ह्यात शेतीतली नवी गोष्ट टिकली ती तिथं, जिथं नापास होण्याचा खर्च एकट्या घरावर पडला नाही. एकदा तो राजानं घेतला, एकदा सभासदांनी, एकदा विद्यापीठानं. आज आपण पोरांना उद्योजकता हा विषय शिकवतोय, त्याच्या परीक्षा घेतोय, पदव्या देतोय. आणि जोखीम मात्र गुपचूप बापाच्या दीड एकरावर नेऊन ठेवलीय. अभ्यासक्रम वाईट आहेत असं नाही, पण अर्धेच आहेत.

दोन दिवसांनी अण्णांच्या घरी गेलो. पोरगंही होतं. त्याला म्हणलं, शिकायला नको असं मी म्हणणार नाही. पण त्या संस्थेला फोन करून तीन प्रश्न विचार. एक, दोन वर्षांतले किती दिवस वर्गाबाहेर, स्वतः माल करून स्वतः विकण्यात जाणार? दोन, प्रयोगाला जमीन, शेड आणि पहिलं भांडवल कोण देणार? तीन, पहिला प्रयोग बुडाला तर तो कुणाचा बुडाला?

त्यानं फोन केला. पहिल्या प्रश्नाला बरं उत्तर आलं. दुसऱ्याला "विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं जातं" असं आलं. तिसरा प्रश्न पलीकडच्या बाईंना कळलाच नाही.

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग बापाला म्हणालं, "अण्णा, ह्या वर्षी फीचं राहू द्या. मला बेदाण्याचा एक हंगाम द्या. शेड आपलीच, माल आपलाच. पाव-पाव किलोची पाकिटं करून मी स्वतः विकतो. जमलं तर पुढच्या वर्षी शिकायला जातो, नाही जमलं तर काय शिकायचं ते तरी कळंल."

अण्णा काही बोलले नाहीत. आत जाऊन वहिनींशी बोलून आले आणि म्हणाले, "अर्धा माल दे म्हणत्यात त्याला. अर्धा नेहमीसारखा सौद्याला."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बरं यासाठी की पोराला पहिला नांगर विकायची संधी मिळाली. वाईट यासाठी की औंधच्या राजाचं काम शेवटी अण्णांनाच करावं लागलं, आणि अण्णांकडं 32 एकर माळ नाही.

कृषी विद्यापीठं, खाजगी महाविद्यालयं, जिल्हा बँक, कारखाने, सगळ्यांना एकच विचारणं आहे. पदवीबरोबर पोराला एक हंगाम, एक शेड आणि एकदा बुडायची मुभा कोण देणार? हे ज्यानं दिलं, त्याचं नाव शंभर वर्षांनी रेल्वेतून जाताना लोक घेतील. नाहीतर अभ्यासिकेतल्या खुर्च्या आहेतच.

तुमच्या भागात कुणी अशी मुभा देत असेल, संस्था असो, सोसायटी असो, नाहीतर एखादा मोठा बागायतदार, तर जरूर सांगा. जाऊन बघतो आणि बातमी करतो. अशी बातमी करून लई दिवस झाले.